कुमुदच्या दोन लॅब

फोनवर कुमुदचं नाव आलं की माझं उत्तर ठरलेलं असायचं, "बोल गं, आता काय बिघडवू?" त्या दिवशी सकाळी मेथी निवडता निवडता मी तेच म्हटलं.  पण पलीकडून तिच्या बदलापूरच्या शेजारणीचा आवाज आला, "वहिनी, मी बोलतेय... तुम्ही आधी खाली बसा." मी बसलेलीच होते, तरी म्हटलं, "बसले." कुमुद झोपेतच गेली होती. रोजच्यासारखी चहाला आली नाही म्हणून शेजारणीने आपल्याकडच्या किल्लीने दार उघडलं, तर ही कुशीवर, हात उशीखाली, लहानपणी झोपायची तशी. मेथी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ती टाकली असणार, मला आठवत नाही.

या गोष्टीला आता महिना होऊन गेला. रडायचं तेवढं रडून झालं. आता तिच्याविषयी लिहायला बसले की एकेक आठवतं आणि हसूच येतं, त्याला मी तरी काय करू? तर आधी ओळख करून देते. कुमुद म्हणजे माझी धाकटी नणंद. उल्हासनगरच्या एका कॉलेजात तिने जन्मभर केमिस्ट्री शिकवली, आणि शेवटची काही वर्षं एक वेगळंच काम केलं. कॉम्प्युटरवर आणि फोनवर चालणारी प्रयोगशाळा तयार केली. काचेची भांडी पडद्यावर, ॲसिड पडद्यावर, थेंब पडायचा तोही पडद्यावर. आणि ती प्रयोगशाळा बिघडवून बघायचं काम माझ्याकडे होतं. मी सातवी पास. या कामासाठी माझी निवड कशी झाली ते पुढे सांगतेच.

मी लग्न होऊन अंबरनाथला आले तेव्हा आम्ही बुवापाड्यात चाळीत राहायचो. कुमुद शाळेत होती, दोन वेण्या आणि सतत प्रश्न. सासूबाईंनी मला सांगितलं, नणंदेला "वन्सं" म्हणायचं. मी म्हटलं, "वन्सं, पाणी देता का?" तर ही पोट धरून हसत सुटली. "वहिनी, मला वन्सं म्हणालीस ना, तर मी तुला आजीबाई म्हणेन!" तेव्हापासून कुमुद ती कुमुदच. लग्नाच्या हळदीची माझी पांढरी साडी मी धुवायला काढली, साबण लावला, आणि बघते तर काय, पिवळे डाग लालभडक झालेले. मी नवी नवरी.  हळदीच्या साडीवर हे असलं लाल... अपशकुन म्हणजे आणखी काय असतो? मी मोरीत बसून मुसमुसतेय, तेवढ्यात कुमुदने डोकावलं. घाबरायचं सोडून तिने टाळीच वाजवली. "थांब थांब, पिळू नकोस!" म्हणत पळाली आणि घरातलं लिंबू घेऊन आली. डागावर पिळलं, तर लाल गेलं आणि पुन्हा पिवळं! मग परत साबण, परत लाल. परत लिंबू, परत पिवळं. आम्ही दोघी मोरीत बसून खेळतोय आणि बाहेरून सासूबाई विचारतायत, "अगं, साडी धुताय की सरबत करताय?" हळदीला साबण आणि लिंबू वेगवेगळे ओळखता येतात, हे मला त्या दिवशी कळलं. त्याला इंडिकेटर म्हणतात हे कुमुदलाही नंतर कॉलेजात गेल्यावर कळलं. धावत घरी आली होती ते सांगायला.

माझं पुढचं शिक्षण म्हणाल तर ते पोळपाटावर झालं. मी पोळ्या लाटायची आणि कुमुद शेजारी पाटावर बसून मोठ्याने अभ्यास करायची. मोठ्याने वाचल्याशिवाय तिच्या डोक्यात शिरायचं नाही आणि चाळीत दुसरीकडे जागा नव्हती. ती बीएस्सी झाली तोवर मलाही निम्मं पाठ झालं होतं. अडली की मी पुढचा शब्द सांगायची. मग तिची जुनी पुस्तकं मी दुपारी वाचायला लागले. इंग्रजी अक्षरं लावत लावत, एकेक शब्द फोडत. समजायचं किती ते विचारू नका, पण "फिनॉल्फ्थॅलीन" हा शब्द मी एका दमात म्हणते, आजही. लग्नासाठी तिला पाहायला आलेल्या एका मुलाच्या वडिलांनी विचारलं होतं, मुलीला काय काय येतं. मी आतून हाच शब्द मोठ्याने म्हणून दाखवला. ते स्थळ पुन्हा आलं नाही. कुमुदने लग्न केलं नाही आणि कुणी कारण विचारलं की माझ्याकडे बोट दाखवायची, "वहिनीने मोडलं."

कुमुदला नोकरी लागली, आम्ही अंबरनाथ पश्चिमेला फ्लॅट घेतला, तिने बदलापुरात मांजर्लीला स्वतःची जागा घेतली. नदी जवळ, हवा छान. पाऊस वाढला की मात्र खालच्या मजल्यापर्यंत पाणी आणि चार दिवस लाईट नाही. मग बाईसाहेब आमच्याकडे. तिच्या पिशवीत कपडे कमी आणि वायरी जास्त. एकदा कॉम्प्युटर माझ्याच जुन्या दुलईत गुंडाळून, बाळासारखा छातीशी धरून आली होती. आमचे हे, म्हणजे तिचे अण्णा, दार उघडून म्हणाले, "मुलगा की मुलगी?"

तर लॉकडाऊन लागला, कॉलेज बंद झालं, आणि कुमुदची झोप उडाली. थिअरी फोनवरून शिकवता येते, प्रॅक्टिकल कसं शिकवणार? मुली घरात बसलेल्या. कुणी बदलापूरच्या पलीकडच्या गावातली, कुणी उल्हासनगरात घरीच शिलाईचं काम करणारी. त्यांच्याकडे फोन तेवढा होता. पन्नाशी कधीच उलटलेली, तरी ही बाई व्हिडिओ बघून बघून प्रोग्रॅम लिहायला शिकली. आधी एकच प्रयोग घेतला, टायट्रेशन. सोप्या भाषेत सांगते. खाली फ्लास्कमध्ये ॲसिड, त्यात त्या फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब. वर एक उभी काचेची नळी, तिला खाली तोटी, ती ब्युरेट. ब्युरेटमधून थेंब थेंब दुसरं द्रावण सोडायचं. एका थेंबाला फ्लास्कमधलं पाणी अगदी फिकट गुलाबी होतं. तिथे थांबायचं. एक थेंब जास्त गेला की रंग गडद, आणि प्रयोग वाया. तिने हे सगळं पडद्यावर चितारलं. बोटाने तोटी फिरवायची, थेंब पडतो, रंग बदलतो.

पहिला दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर. तिने फोन माझ्यापुढे ठेवला. "वापर."

"मी?"

"तूच. तुला जमलं तर माझ्या पोरींना जमेल."

"म्हणजे मी ढ?"

"ढ कुठे, उतावळी आहेस. माझ्या पोरीही उतावळ्या आहेत. उतावळ्या माणसाच्या हातात काय काय होतं ते मला बघायचंय."

मी तोटी फिरवली ती फिरवतच राहिले. नळी रिकामी झाली तरी माझं बोट चालूच, आणि वरती अक्षरं आली, शाबास, बरोबर! मी हरखले. कुमुद किंचाळली, "अगं, तुझी ब्युरेट कोरडी पडलीय!" मी म्हटलं, "मग तुझं यंत्र मला शाबासकी का देतंय? त्याला विचार." ती रागावून कामाला बसली, आणि तेव्हापासून मी तिची अधिकृत बिघडवणारी झाले. मी उलटं करायची, मधेच सोडून कुकर बंद करायला जायची, एकाच भांड्यात दोन द्रावणं ओतायची. दर वेळी ती डोक्याला हात लावायची आणि दर वेळी दुरुस्त करायची. शेवटी मला टायट्रेशन इतकं जमायला लागलं की मी पैकीच्या पैकी मार्क काढायला लागले. केवढा तोरा होता मला! भाजीवाल्याला सांगून झालं होतं.

मुलींना तर ते फारच आवडलं. रेश्मा नावाची एक मुलगी होती, बदलापूरच्या पुढच्या खेड्यातली. हुशार, पण काच फुटेल या भीतीने लॅबमध्ये हात पाठीमागे बांधून उभी राहायची. कुमुद सांगायची, "वहिनी, ती बाकीच्यांचं बघून वहीत उतरवते, हात लावतच नाही." आता फोनवर काच फुटत नाही म्हटल्यावर हीच मुलगी रोज प्रयोग करायला लागली. कुमुदला मेसेज करायची, मॅडम, आज परत केलं, मॅडम, आज एका थेंबाने चुकलं. कुमुद ते मेसेज मला वाचून दाखवायची, लोक नातवंडांचे फोटो दाखवतात तसे.

पुढे कॉलेज उघडलं आणि खरी गंमत, म्हणजे खरं संकट, तेव्हा आलं. कॉलेजची केमिस्ट्रीची लॅब तळमजल्यावर, जुनी. बेसिन गळतायत, गॅसची लाईन बदलायला झालेली, टेबलं ॲसिडने खाल्लेली. मॅनेजमेंटमध्ये लछूदादा म्हणून एक गृहस्थ होते, उल्हासनगरातले कापडाचे जुने व्यापारी, सिंधी. माणूस मनाने मोकळा, पण डोकं व्यापाऱ्याचं. कुमुदची लॅब त्यांनी फोनवर बघितली, खूश झाले आणि म्हणाले, "वाह मॅडम! जब सब फोन में हो रहा है, तो नीचे ये शीशी-बोतल किसके लिए? त्या जागेत आपण कम्प्यूटर हॉल करू. एसी लावू. उद्घाटन तुमच्याच हाताने!"  ज्या लॅबसाठी मुली तयार व्हाव्यात म्हणून कुमुदने फोनवरची लॅब केली, तिच्याच जिवावर ही उठली. तिने हुशारीने विचारलं, "दादा, तुम्ही कापड हात न लावता घेता का?" तिला वाटलं, आता सापडले. दादा म्हणाले, "पूर्वी नव्हतो घेत. अब तो सूरतवाले व्हिडिओ भेजते हैं, व्हिडिओवरच ऑर्डर!" घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा मला हसू आवरेना, आणि ती माझ्यावर चिडली. "हस तू! माझा एकच मुद्दा होता, तोही त्या सूरतवाल्यांनी खाल्ला."

मग दादांनीच तोडगा काढला. म्हणाले, या तुमच्या मुली फोनवर शिकल्या ना? त्यांना खऱ्या लॅबमध्ये आमच्यापुढे उभं करा. जमलं तर फोन पुरेसा आहे, लॅब बंद. नाही जमलं तर फोनचा काही उपयोग नाही, ते बंद करून टाकू, मग लॅबचं पुढच्या वर्षी बघू. बघा कसा पेच! आदल्या दिवशी कुमुद आमच्याकडे जेवायला आली. पानात तिच्या आवडीची भरली वांगी होती, तिने नुसती चिवडली.

"वहिनी, पोरींना जमलं तर माझी लॅब जाते. नाही जमलं तर माझं काम जातं."

"मग तुला स्वतःला काय व्हायला हवंय?"

 ती वांग्याचं देठ ताटात गोल फिरवत राहिली... मग म्हणाली, "त्यांना जमायला हवं गं. मास्तरणीने दुसरं काय मागायचं?"

दुसऱ्या दिवशी काय झालं ते मी स्वतः पाहिलेलं नाही. पण कुमुदने आमच्या हॉलमध्ये ते इतक्या वेळा करून दाखवलं, प्रत्येकाचा आवाज काढून, की मी तिथेच होते असं मला वाटतं. लॅबमध्ये एका बाजूला मॅनेजमेंटची माणसं खुर्च्यांवर बसलेली. लछूदादा मधोमध. दुसरीकडे मुली टेबलांपाशी, पांढरे ॲप्रन घालून. मुलींना सगळं येत होतं. ब्युरेट भरली, बुडबुडा काढला, आकडा लिहिला. कुमुदचा जीव वर-खाली. पोरींनी थेंब सोडायला सुरुवात केली आणि बघता बघता पहिली ओरडली, "मॅडम, झालं!" लगेच दुसरी, "माझंपण झालं!" मग रेश्मा, मग बाकीच्या. एकामागोमाग एक सगळ्यांचं झालं, आणि व्हायला हवं होतं त्याच्या फार फार आधी. आकडे सगळ्यांचे चुकलेले. लछूदादा खुर्चीतून म्हणाले, "मॅडम, ये तो सब फेल."

कुमुद गेली रेश्माच्या टेबलापाशी. फ्लास्कमध्ये थेंब पडला त्या जागी गुलाबी ठिपका तरंगतोय आणि खालचं पाणी स्वच्छ. रेश्माचा एक हात तोटीवर, दुसरा पाठीमागे. तेव्हा कुमुदच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फ्लास्क कुणी हलवतच नव्हतं! थेंब पडत असताना दुसऱ्या हाताने फ्लास्क गोल गोल फिरवत राहायचा असतो, रंग सगळीकडे मिसळायला. आणि तिच्या फोनवरच्या लॅबमध्ये थेंब पडला की आपोआप मिसळायचा. हलवायची पायरी तिने त्यात घातलीच नव्हती. का? तर इतकी वर्षं तिचा हात ते आपला आपण करत होता. हाताने तिला कधी सांगितलंच नाही की मी हे करतोय. मीही एवढी तिची बिघडवणारी, पैकीच्या पैकी मार्कवाली, माझ्या तरी कुठे लक्षात आलं होतं?

आणि कुमुद हसायला लागली. सगळ्या मॅनेजमेंटपुढे, टेबलाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दादांना वाटलं, बाईंना धक्का बसला. "मॅडम को पानी दो!" कुमुद म्हणाली, "पाणी नको दादा. फेल मी झालेय. यांनी मी शिकवलं तेवढं तंतोतंत केलंय." मग तिने रेश्माचा पाठीमागचा हात धरून फ्लास्कच्या मानेवर ठेवला आणि म्हणाली, "फिरव." रेश्माने घाबरत घाबरत फिरवला. गुलाबी ठिपका विरून गेला. "अगं बाई, गेलं!" रेश्मा ओरडली. बाकीच्यांनीही हलवलं. "मॅडम, माझंपण गेलं!" "ए, माझं बघ, गायब!" एवढा गलका झाला की बाहेरून शिपाई डोकावला. सगळ्यांनी पुन्हा भांडी धुतली आणि पुन्हा केलं, या वेळी दोन्ही हातांनी. आणि बरोबर आलं! एरवी मुलींना जे जमायला महिना लागायचा, ते त्यांना दुसऱ्या खेपेला जमलं, कारण बाकी सगळं फोनवर इतक्यांदा करून झालेलं होतं.

कुमुद काही भाषण करणार, तेवढ्यात लछूदादा खुर्चीतून उठले. बाह्या वर केल्या. "मला दे, मी करतो." रेश्माने त्यांना जागा दिली. व्यापारी माणूस, कापडाच्या रंगाची नजर. थेंब सोडतायत, फिरवतायत, "आला... आला... अभी नहीं..." आणि एक थेंब जास्त पडला. फ्लास्क गडद गुलाबी. दादा हळहळले, "अरे यार! बेबी पिंक मांगा था, रानी कलर निकल गया!" सगळी लॅब हसली. दादा म्हणाले, "धो डालो, फिरसे." त्यांनी तीनदा केलं. बाकीची मंडळी घड्याळं बघतायत, आणि हे तिथून हलेनात. शेवटी बेबी पिंक आला तेव्हा ते फ्लास्क खिडकीपाशी नेऊन उजेडात धरून बघत राहिले. कम्प्यूटर हॉलचं नाव त्या दिवशी कुणी काढलं नाही आणि पुढेही नाही. बेसिनं बदलायला वर्ष लागलं, पण बदलली. फोनवरची लॅबही राहिली. कुमुदने मुलींना नियम घालून दिला, "जुन्या चुका घरी फोनवर करून यायच्या. लॅबमध्ये येऊन फक्त नवीन चुका करायच्या."

आणि घरी येऊन तिने काय केलं असेल? फोनवरच्या लॅबमध्ये हलवायची पायरी घातली. ती अशी, की थेंब पडत असताना हातातला फोनच गोल गोल फिरवायचा. नाही फिरवला तर रंग मिसळत नाही. मी रोज गॅलरीत उभी राहून फोन फिरवायची. आमचे हेही फिरवायला लागले. समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंना वाटलं, हे त्यांना हात करतायत. त्या रोज हसून हात हलवून उत्तर द्यायला लागल्या. यांनी मला ते सांगितलंच नाही, मी आपली एकदा आत होते ती बाहेर आले तेव्हा बघितलं. कुमुदला सांगितलं तर ती म्हणाली, "राहू दे गं, अण्णाचं टायट्रेशन सुधारतंय."

निवृत्त झाली तरी तिचं काम थांबलं नाही. शेवटची भेट झाली तेव्हा तिच्या डोक्यात वास होता. म्हणजे असं की क्षार ओळखण्याच्या प्रयोगात वासावरून खूप कळतं, आणि फोनला काही वास येत नाही. तर तो शब्दांत सांगायचा, आणि असा की गावच्या मुलीला झटकन कळावा. ती माझ्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी लॅपटॉप घेऊन बसली होती. "अमोनिया, बोल."

"बंद मुतारीचा वास."

"असं लिहू?"

"लिही की. पोरींना लगेच कळेल. आणि तू तुझ्या पुस्तकातलं 'उग्र दर्प' लिहिलंस ना, तर त्यांना वाटेल अत्तर आहे."

तिने लिहिलं. सडक्या अंड्याचा वास लिहिला, विझलेल्या काडीचा लिहिला, बिघडलेल्या लोणच्याचा लिहिला. एकेक वास आठवून आम्ही नाकं मुरडत होतो आणि यांनी बाहेरून विचारलं, "आज जेवायला काय आहे म्हणायचं?" निघताना तिने चपला घालता घालता सांगितलं, "क्लोरीनसाठी चांगला शब्द शोधून ठेव." मी अजून शोधतेय. सापडला की कुणाला सांगायचा, हे मात्र... असो.

ती गेल्यावर काही दिवसांनी रेश्माचा फोन आला. ती आता त्याच कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. म्हणाली, "मावशी, मॅडमच्या लॅबमध्ये या ना एकदा. हार-फोटो काही नाही केलेलं. प्रॅक्टिकल चालू असताना या." गंमत बघा, एवढी वर्षं कुमुदकडून सगळं ऐकलं, तिची खोटी लॅब मी उलटीपालटी केली, पण खऱ्या लॅबमध्ये मी पाऊल ठेवलं नव्हतं. गेले. मला वाटलं होतं, शांत असेल, देवळासारखं. कसलं शांत! नळ वाहतायत, स्टूल सरकतायत, पोरी एकमेकींना आकडे विचारतायत, मराठीत, हिंदीत, एक दोघी सिंधीत. रेश्माने मला ॲप्रन घातला आणि एका टेबलापाशी उभं केलं. "करा मावशी."

फोनवर पैकीच्या पैकी मार्क काढणारी मी. डावा हात तोटीवर, उजवा फ्लास्कवर. डाव्याने सावकाश सोडायचं आणि त्याच वेळी उजव्याने फिरवायचं. माझे दोन्ही हात एकमेकांचं ऐकेनात. फ्लास्क फिरवला की तोटी बंद व्हायची, तोटी सोडली की फ्लास्क थांबायचा. काचही गार लागते, हे मला माहीत नव्हतं. शेवटी व्हायचं तेच झालं, रंग गडद झाला. शेजारची एक मुलगी, दिसायला अजून शाळेतलीच वाटावी अशी, डोकावून म्हणाली, "गेलं आजी तुमचं. टेन्शन नका घेऊ, धुवा आणि परत घ्या." मी निमूटपणे फ्लास्क धुतला.

धुवून वळले आणि तेव्हा माझं लक्ष गेलं. सगळ्या लॅबभर मनगटं गोल फिरत होती आणि प्रत्येक हाताची करंगळी बाहेर होती. सरळ, ताठ, काठीसारखी. चार बोटांनी फ्लास्कची मान धरलेली आणि करंगळी लांब. या टेबलावर तीच, त्या टेबलावर तीच. मला एकदम उभ्या उभ्या बुवापाड्याच्या चाळीतलं दार आठवलं. कुमुद सहावीत असेल, मोरीचं दार वाऱ्याने आपटलं आणि तिच्या उजव्या हाताची करंगळी सापडली. मीच हळद लावून बांधली होती. हाड जुळलं, पण बोट काही पुन्हा वाकलं नाही. जन्मभर ते तसंच ताठ राहिलं. चहाचा कप धरताना, खडू धरताना... आणि फ्लास्क फिरवतानाही, अर्थातच.

मी रेश्माला खुणेने जवळ बोलावलं. तिने बाकीच्या मुलींना शिकवलं होतं, तिला कुमुदने हात धरून शिकवलं होतं. मी विचारलं, "ही करंगळी अशी बाहेर का ठेवता गं सगळ्या?"

तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे, जरा गोंधळून. "अशीच ठेवायची असते ना, मावशी? त्याने बॅलन्स राहतो. मॅडम अशीच धरायच्या."

माझ्या ओठांवर आलं होतं सगळं. दार, वारा, हळद.

"हो," मी म्हटलं. "अशीच ठेवायची असते." आणि माझा फ्लास्क पुन्हा भरायला घेतला.